कोंबडीविना कोंबडे: सोडवून आणलेल्या नरांचा कळप एकत्र कसा ठेवायचा

कोंबडा दुसऱ्या कोंबड्याला खपवून घेत नाही, असं गावोगाव सांगितलं जातं. खुराड्यात माद्या असतील तर ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण माद्या नजरेआड आणि आवाजाआड असतील, जागा ऐसपैस असेल आणि हरलेल्याला पळायला वाट असेल, तर आठ-दहा नर वर्षानुवर्षं एका वाड्यात राहतात. एकाच दांडीवर झोपतात, एकमेकांशेजारी मातीत लोळतात. जिथे हे जमत नाही, तिथे बहुतेक वेळा दोष जागेच्या रचनेत किंवा ओळख करून देण्याच्या घाईत असतो. म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

कोण कुठून आलाय ते आधी पाहा

बाजारात आणि जत्रेत रंग लावून विकली जाणारी पिल्लं बहुतेक सगळी नर असतात. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींच्या हॅचरीला नराचा उपयोग नसतो. तो पहिल्याच दिवशी मारला जातो किंवा असा विकला जातो. ही पिल्लं जगली की चार-पाच महिन्यांत हलके, चपळ, बहुधा पांढरे नर तयार होतात. एकत्र वाढलेल्या अशा तलंग्यांचा, म्हणजे तरुण नरांचा, कळप सांभाळायला सगळ्यात सोपा. पाचव्या-सहाव्या महिन्यात त्यांच्यात खडाखडी सुरू होते, ती काही आठवडे चालते आणि क्रम ठरला की थांबते. या काळात घाबरून त्यांना वेगळं करू नका.

गाडीतून पडलेला किंवा कापण्याआधी सुटलेला ब्रॉयलर ही वेगळी गोष्ट आहे. सहा आठवड्यांत विक्रीच्या वजनाला यावा म्हणून ही जात घडवली आहे. तो पुढे जगतो तेव्हा पाय आणि हृदय शरीराचा भार पेलत नाहीत. तो भांडत नाही, पण पळूही शकत नाही. त्याला ब्रॉयलर सोबत्यांबरोबर किंवा वयस्क, शांत गावठी नरांबरोबरच ठेवा.

नवसाला सोडलेले, घरी जास्त झाले म्हणून आणून दिलेले गावठी, कडकनाथ, गिरिराज हे मधल्या गटातले. आणि शेवटी असील, म्हणजे कोंबडबाजारातून सोडवलेला झुंजीचा कोंबडा. त्याच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे. एवढं इथेच सांगतो की असील आणि ब्रॉयलर यांना एका वाड्यात कधीही ठेवू नये, कितीही शांत दिसले तरी.

संख्येबद्दल: समान वयाचे आणि समान वजनाचे दोनच नर ही सगळ्यात अवघड जोडी, कारण कोणीच मागे हटत नाही. तिघांत दोघं मिळून तिसऱ्याला छळण्याची भीती असते. पाचपासून दहापर्यंतचा गट आम्हाला सगळ्यात स्थिर वाटतो. राग एकावरच केंद्रित होत नाही आणि प्रत्येकाला कोणीतरी सोबती सापडतो. दहाच्या वर गेलात तर दुसरा वाडा बांधा.

वाडा आणि खुराडं

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक नरामागे किमान ५ ते ६ चौरस फूट आणि दिवसाच्या वाड्यात किमान २५ ते ३० चौरस फूट जागा धरा. म्हणजे आठ नरांना खुराडं साधारण ६ बाय ८ फूट, वाडा २४० चौरस फुटांपेक्षा मोठा. माद्यांसाठी जे माप सांगितलं जातं त्यावर नरांचा वाडा बांधू नका. तिथे हरलेला पक्षी पळाला तरी जिंकलेल्याच्या पुढ्यातच राहतो.

क्षेत्रफळापेक्षाही महत्त्वाचा आहे आडोसा. रिकाम्या, चौकोनी वाड्यात सगळे सगळ्यांना सतत दिसत राहतात, आणि दुसऱ्याची नजर हेच भांडणाचं पहिलं निमित्त असतं. वाड्यात बांबूचे तट्टे, जुने दरवाजे, गोणपाट ताणलेल्या चौकटी, उभे टायर, कडब्याच्या पेंढ्या अशा ठेवा की कुठूनही अर्धा वाडा दिसू नये. आडोसा अडीच-तीन फूट उंच पुरतो. प्रत्येक आडोशाला दोन बाजूंनी वाट हवी. तीन बाजूंनी बंद असलेली पेटी किंवा भिंतीचा आतला कोपरा म्हणजे सापळा. पळणारा पक्षी तिथे शिरतो, डोकं खाली घालतो आणि मागून त्याच्या डोक्यावर चोची बसतात. वाड्याचे कोपरे फळी तिरकी लावून बोथट करून टाका.

खाद्याची भांडी दोन-तीन नरांमागे एक, आणि दोन भांड्यांत किमान सहा फूट अंतर. एका भांड्यावर उभं राहून दुसरं दिसू नये अशी मांडणी करा. पाण्याचंही तसंच. एकच मोठं भांडं ठेवलं की क्रमाने वरचा नर ते ताब्यात घेतो आणि सगळ्यात खालचा हळूहळू रोडावतो. बाहेरून हे लवकर कळत नाही, कारण पिसांमुळे वजन दिसत नाही. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येकाच्या छातीच्या हाडावर बोट फिरवा. हाड धारेसारखं लागलं तर त्याला खायला मिळत नाही किंवा पोटात जंत आहेत.

झोपायच्या दांड्या सगळ्या एकाच उंचीवर लावा. पायऱ्यांसारख्या वरखाली लावल्या की सगळ्यात वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. प्रत्येक नरासाठी १२ ते १५ इंच लांबी, दांडीची रुंदी दोन इंच, कडा रंध्याने गोल केलेल्या. उंची हलक्या नरांसाठी तीन फुटांपर्यंत चालते. असीलसाठी दीड-दोन फूट आणि ब्रॉयलरसाठी अर्धा फूट किंवा जमिनीवर जाड तूस. जड पक्षी उंचावरून उडी मारत राहिला की तळपायाला गळू होतं.

जमिनीवर भाताचा तूस तीन-चार इंच. कोकणात पावसाळ्यात तो आठवड्यात ओला होतो, म्हणून जोतं दीड-दोन फूट उंच हवं आणि ओला झालेला भाग रोज काढायला हवा. उकिडवं बसून श्वास घ्या. नाकाला झोंबलं तर अमोनिया साठलाय, तूस बदला. कोपऱ्यात पावसापासून झाकलेला मातीचा खड्डा ठेवा: तीन बाय तीन फूट, एक फूट खोल, कोरडी माती, वाळू आणि चुलीतली चाळलेली राख. राख ओली झाली की कातडीला पोळते, म्हणून छप्पर नसेल तर राख घालू नका.

जाळी अर्धा इंची वेल्डेड. षटकोनी पातळ कोंबडीजाळी कुत्रा आणि मुंगूस दोघंही फाडतात. जाळी जमिनीखाली एक फूट उतरवा किंवा बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी पसरून दगड ठेवा. वरूनही जाळी हवी, घार आणि शिक्रा यांच्यासाठी. बिबट्याच्या भागात रात्रीचं खुराडं पक्क्या भिंतींचं आणि लोखंडी दाराचंच असावं.

माद्या दिसू नयेत हे वर म्हटलंच. शेजाऱ्याच्या कोंबड्या कुंपणाजवळ चरत असतील तर त्या बाजूला ताडपत्री किंवा झावळ्यांचा सहा फुटी पडदा लावा. ‘एखादी कोंबडी सोडून पाहू, शांत होतील’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. दहा नरांत एक मादी म्हणजे नरांची झुंज आणि त्या मादीचा छळ.

पहिले तीस दिवस वेगळं

नवा पक्षी कितीही निरोगी दिसला तरी तीस दिवस वेगळा, शक्यतो वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि किमान ३०-४० फूट दूर. त्याची भांडी वेगळी, झाडू वेगळा, तुमच्या चपला वेगळ्या. रोज आधी जुना कळप, मग नवा पक्षी, उलट नाही. या काळात शेण तपासून जंताचं औषध, पिसांच्या मुळाशी उवा आणि लिखा, पायांच्या खवल्यांखाली खरजेचे किडे, हे सगळं उरकून घ्या. खवले उभे आणि पांढरट दिसत असतील तर पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा आणि एक दिवसाआड व्हॅसलिन चोपडा, तीन-चार आठवडे. खवले ओढून काढू नका, रक्त येतं.

टाचेवरचे काटे याच काळात बोथट करा. काट्याच्या आत हाड आणि रक्तवाहिनी असते, म्हणून फक्त टोक, तेही कानशीने थोडं थोडं, पाच मिलीमीटरपेक्षा जास्त नाही. मग दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. पकडीने पिळून काटा उपटायची पद्धत काही जण दाखवतात, ती क्रूर आहे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून पाच मिनिटं धरा.

पकडायचं तर अंधारात, मंद उजेडात, दोन्ही पंख अंगाशी दाबून. पाय धरून उलटा लटकवू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. उलटं धरलं की पोटातले अवयव हवेच्या पिशव्यांवर पडतात आणि तो गुदमरू शकतो.

ओळख करून देताना

तीस दिवसांनंतर नव्या नराला वाड्याच्या आतच जाळीच्या पार्टिशनपलीकडे ठेवा. दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे, पण चोच पोचता कामा नये. अर्धा इंची जाळी इथेही. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्यभांडी सुरुवातीला सहा फूट दूर ठेवा आणि रोज थोडी जवळ सरकवा. एक ते दोन आठवडे. पहिले दोन दिवस जाळीवर झेपा होतील, मानेची पिसं छत्रीसारखी फुलतील. तीन दिवस सलग दोघंही जाळीशेजारी शांतपणे खाताना दिसले, की दार उघडायची वेळ आली.

शक्य असेल तर दोन नवे एकत्र आणा. एकट्यावर सगळा भार पडत नाही. दार उघडायच्या आदल्या संध्याकाळी वाड्यातले आडोसे आणि भांडी हलवा, म्हणजे जुन्यांनाही जागा थोडी नवी वाटते. उघडताना दिवस मोकळा ठेवा. सकाळी पोट भरल्यावर, भरपूर दाणे वाड्यात विखरून, मगच सोडा. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी तास, असं वाढवत न्या आणि तुम्ही तिथून हलू नका.

रात्री गुपचूप दांडीवर नेऊन बसवायची युक्ती माद्यांमध्ये चालते. प्रौढ नरांमध्ये ती धोक्याची आहे, कारण पहाटे बंद खुराड्यात पहिली गाठ पडते आणि तिथे पळायला जागा नसते.

आता काय चालवून घ्यायचं आणि कुठे मध्ये पडायचं. समोरासमोर उभं राहून मान ताणणं, एकदम खाली डोकं करून खोटं खोटं टिपणं, एक पंख खाली सोडून कडेने फिरणं, छातीवर दोन-चार उड्या, तुऱ्याला एखादी चोच आणि थोडं रक्त: हे बोलणं आहे, होऊ द्या. एकाने मान वळवली, डोकं खाली घातलं किंवा पळ काढला आणि दुसऱ्याने चार पावलांत पाठलाग सोडला, तर क्रम ठरला. पुढचे काही दिवस तोच क्रम पुन्हा पुन्हा तपासला जाईल, प्रत्येक वेळी कमी जोराने.

मध्ये पडायचं ते अशा वेळी: दोघंही मिनिटभर अजिबात मागे हटत नाहीत, हरलेला पळतोय आणि जिंकलेला आडोशामागेही सोडत नाही, खाली बसलेल्याच्या डोक्यावर चोची पडताहेत, किंवा तिसरा-चौथा येऊन सामील होतोय. मध्ये हात घालू नका. दोन बाय तीन फुटांची प्लायची फळी किंवा मोठं पुठ्ठ्याचं खोकं दोघांच्या मध्ये सरकवा, एकावर जाड टॉवेल टाका आणि उचला. ओरडणं आणि काठी यांनी फक्त भीती वाढते, आणि घाबरलेला नर जास्त मारतो.

डोक्याला जखम झालेला पक्षी लगेच बाजूला करावा लागतो, कारण लाल रंग दिसला की बाकीचे तिथेच चोच मारतात. पण त्याला घराच्या मागच्या खोलीत नेऊन महिनाभर ठेवलंत तर परत येताना तो परका होऊन येतो आणि सगळी ओळख पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून जखमी पक्ष्याचा पिंजरा वाड्यातच, सावलीत, इतरांच्या नजरेसमोर ठेवा. तीन-चार दिवसांत जखम सुकली तर सरळ सोडता येतं. दोन-तीन आठवडे लोटले तर त्याला नवा समजा.

क्रमाने सगळ्यात वरचा नर आजारी पडला किंवा गेला, की कळपात पुन्हा उलथापालथ होते. त्या आठवड्यात कोणतीही नवी ओळख, नवी रचना, नवं काहीही करू नका.

दिवस मोठा होऊ लागला की नरांची संप्रेरकं वाढतात, म्हणून फेब्रुवारी ते जून हा तापट काळ असतो. नव्यांना मिसळायचं असेल तर पावसाळा सरल्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. याच कारणासाठी वाड्यात रात्री दिवा लावून ठेवू नका. तापट काळात वरचा नर खालच्यावर चढण्याचा प्रयत्न करतो, तेही नेहमीचंच. मात्र एकाच पक्ष्याच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसं जाऊ लागली तर त्याला दुपारचे काही तास जाळीपलीकडे विश्रांती द्या.

झुंजीतून आलेला असील

असीलला झुंजीसाठी तयार करताना दोरीने बांधून, एकटं ठेवतात. दुसरा नर त्याला दिसतो तो फक्त रिंगणात. मान वळवली की भांडण संपतं, ही गोष्ट शिकायची संधीच त्याला मिळालेली नसते. विदर्भातल्या कोंबडबाजारात पायाला लोखंडी काती बांधतात, तिथे हरण्याचा अर्थ मरण असतो. त्याचा हल्ला हा भीतीतून येतो हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या व्हाइन सँक्च्युअरी या प्राण्यांच्या आश्रयस्थानाने अशा कोंबड्यांना कळपात परत आणण्याची पद्धत रुळवली. तिचं मूळ तत्त्व साधं आहे: त्याला सुरक्षित पिंजऱ्यात बसून इतर नर कसे जगतात ते दिवसेंदिवस पाहू द्यायचं. आपल्याकडे ती अशी करता येते.

किमान चार बाय तीन फुटांचा, तीन फूट उंच पिंजरा वाड्याच्या मधोमध नव्हे, कडेला, सावलीत ठेवा. दोन बाजूंना गोणपाट लावा, म्हणजे त्याला नको असेल तेव्हा मागे सरता येईल. दिवसा तो इथे, रात्री वेगळ्या खुराड्यात. पिंजऱ्याभोवती दाणे टाका, म्हणजे इतर त्याच्या जवळ येऊन खातील. सुरुवातीला तो प्रत्येकावर झेप घेईल. हळूहळू झेपा कमी होतात आणि एक दिवस तो इतरांबरोबर दाणे टिपू लागतो. सलग तीन दिवस झेप नाही, मग पुढची पायरी: कळपाला बाहेर काढून त्याला एकट्याला वाड्यात फिरू द्या, चार-पाच दिवस. आडोसे कुठे, वाटा कुठे, हे त्याला कळू द्या.

त्यानंतर एका वयस्क, शांत नराबरोबर पहिली भेट. ही मात्र संध्याकाळी, झोपायच्या वेळेआधी वीस मिनिटं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष दांडीकडे असतं आणि अंधार पडला की भेट आपोआप संपते. त्याने झेप घेतली तर फळी मध्ये घाला आणि शांतपणे पिंजऱ्यात परत ठेवा. पिंजऱ्यात दाणे आधीच असू द्या. ती शिक्षा वाटता कामा नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दोन सोबती, मग तीन. कोणाला तीन आठवडे लागतात, कोणाला सहा महिने.

झुंजीच्या कोंबड्याचा तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी बऱ्याचदा कापलेली असते. तुऱ्यातून शरीराची उष्णता बाहेर जाते, त्यामुळे असा पक्षी उन्हाळ्यात इतरांच्या आधी तापतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात त्याला दुपारी ओल्या गोणपाटाची सावली आणि पाय बुडतील एवढ्या पाण्याची उथळ परात हवीच.

काही असील कधीच मिसळत नाहीत. त्यांना कळपाच्या शेजारी, जाळीपलीकडे, स्वतंत्र दहा बाय दहाचा वाडा द्या. सोबत दिसते, ऐकू येते, मार बसत नाही. हे अपयश समजू नका. त्या पक्ष्यासाठी ते चांगलं आयुष्य आहे.

खाणं

दुकानदार बहुधा लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य देईल. नरांना ते देऊ नका. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. नराला एक टक्क्याच्या आसपास पुरे. जास्तीचं कॅल्शियम महिनोन्महिने मूत्रपिंडावर साठत जातं. ग्रोवर मॅश, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य मागा, प्रथिनं १४ ते १६ टक्के.

एका नराला दिवसाला १०० ते १३० ग्रॅम, मोठ्या असीलला दीडशेपर्यंत. दहा नरांना महिन्याला ३० ते ४० किलो लागतं असा हिशोब धरा. यातला पाचवा हिस्सा ज्वारी, बाजरी किंवा तांदळाच्या कण्या असू द्या आणि तो भांड्यात न घालता वाड्यात विखरा. दाणे शोधण्यात गेलेला तास भांडणात जात नाही. पालेभाजीच्या काड्या, शेवग्याचा पाला, पपई द्या. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात नको, त्यातलं विष यकृत संपवतं. कच्ची कडधान्यं, खारट उरलंसुरलं, अ‍ॅव्होकॅडो हेही नको.

ब्रॉयलरला मात्र मोजूनच, दोन वेळा. भांडं भरून ठेवलं तर तो खातच राहतो आणि पाय जातात.

पाणी दहा नरांना एरवी तीन लिटर, मे महिन्यात सहा. मातीच्या परळात पाणी थंड राहतं. चाळिशीच्या वर पारा गेला की दुपारच्या पाण्यात पक्ष्यांचं इलेक्ट्रोलाइट मिसळा.

आरवणं आणि शेजारी

जपानी संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की पहाटेचं आरवणं उजेडामुळे नव्हे, कोंबड्याच्या शरीरातल्या घड्याळामुळे सुरू होतं. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: गटात सगळ्यात वरचा नर आधी आरवतो, मग बाकीचे क्रमाने. सांभाळणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. पहाटे आठवडाभर ऐका आणि कोण कधी आरवतो ते लिहून ठेवा. कळपातला क्रम कागदावर येईल, आणि तो क्रम एखाद्या दिवशी बदलला तर वाड्यात काहीतरी बिघडलंय हे रक्त दिसण्याआधी कळेल.

अंधार केल्याने आरवणं थांबत नाही, पण गाड्यांचे दिवे आणि बाहेरच्या हालचालीमुळे मध्यरात्री होणारं आरवणं कमी होतं. खुराड्याच्या झरोक्यांना आतून तिरकी फळी लावा, वारा येईल पण उजेड सरळ येणार नाही. रस्त्याच्या आणि शेजाऱ्याच्या बाजूची भिंत विटांची असू द्या. दार सात वाजता उघडा. जवळून ऐकलं तर आरवण्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणून दाट वस्तीत नरांचा कळप ठेवायचा विचारच करू नका. गावाबाहेरचं शेत ही त्याची जागा. गळ्याला पट्टा आवळून आवाज दाबायची पद्धत टाळा, खाताना आणि धापताना पक्षी गुदमरू शकतो.

आजार

राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा सगळ्यात मोठा धोका. हिरवी हगवण, धाप, मान पिळवटणं दिसलं की उशीर झालेला असतो, त्यामुळे लस आधीच. आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना आर-टू-बी या राणीखेतच्या लसीची टोचणी, पण अशक्त पक्ष्याला ती झेपत नाही. आधी लासोटा ही सौम्य लस द्यावी की नाही हे पशुवैद्यकाला विचारा. लसीची बाटली शंभर किंवा अधिक मात्रांची येते, दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे परिसरातल्या कोंबडीपालकांशी दिवस ठरवून एकत्र लस घ्या. देवीची लसही घ्या. नरांच्या तुऱ्यावरच्या चोचीच्या जखमांतून आणि डासांमुळे हा रोग पावसाळ्यात पसरतो.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट म्हणजे रक्ती हगवण. ओला तूस हे तिचं घर. शेणात रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषध आणा. जखमा मिठाच्या पाण्याने धुवा, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन सपाट चमचे मीठ. मग चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. पावसाळ्यात जखम दिवसातून दोनदा पाहा, एका रात्रीत अळ्या पडतात. तळपायावर काळी खपली आणि सूज दिसली तर कोमट मीठपाण्यात पंधरा मिनिटं शेक, मऊ पट्टी आणि आठवडाभर जाड तुसावर मुक्काम. घरी ब्लेडने कापू नका.

बर्ड फ्लू भारतातल्या पाळीव पक्ष्यांमध्ये पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यातही आला. बाधित परिघातले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, सोडवलेले असले तरी. म्हणून पाणी उघड्यावर ठेवू नका, कावळे आणि बगळे वाड्यात उतरू देऊ नका, आणि जवळपास साथीची बातमी असेल तर त्या काळात नवा पक्षी घेऊ नका. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर पुरू नका, हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

कागद आणि कुलूप

प्राण्यांना झुंजवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. छाप्यात पकडलेला कोंबडा कागदोपत्री मुद्देमाल असतो. २०१७च्या नियमांप्रमाणे दंडाधिकारी खटला चालू असताना त्याचा ताबा पांजरपोळ किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे देऊ शकतात. असा पक्षी घेताना आदेशाची प्रत, वजन, जखमांचे फोटो आणि पायातल्या कड्याचा क्रमांक नोंदवून ठेवा. न्यायालयाला न विचारता तो दुसऱ्या कोणाला देऊ नका. मेला तर पशुवैद्यकाकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या.

असीलला मोठी किंमत मिळते म्हणून तो चोरीला जातो. वाड्याचा पत्ता ओळखू येईल असे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. ‘आमच्याकडे कोंबड्या आहेत, एक नर द्या’ म्हणून येणाऱ्याचं घर आधी जाऊन पाहा, आणि दत्तक दिल्यावरही महिन्याभराने पुन्हा जा. आखाडात आणि गटारीच्या आधीच्या आठवड्यात कोणालाही नर देऊ नका. त्या दिवसांत खुराड्याला दोन कुलुपं लावा आणि रात्री एकदा फेरी मारा.